गप्प आठवडा

ज्या माणसानं माझ्या वहिनीला भर उन्हात गेटबाहेर उभं केलं होतं, त्याच माणसानं तिला हेडबाई व्हायला शिकवायचं, असा वरून हुकूम आला. मी तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात पिंप घासत होते. ऐकलं आणि घासणी तशीच पिंपात टाकली. ज्यानं डोळा फोडला त्यालाच काजळ घालायला बोलावल्यासारखं झालं.

मी त्या शाळेत पाणी भरते, झाडते, घंटा देते. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून भावाकडं परत आले आणि इथलीच झाले. दादा गवंडी, वहिनी शाळेत शिकवते, आणि मी. तीन माणसांचं घर. हेडमास्तरला सगळं गाव घड्याळ म्हणतं. तोंडावर सर, पाठीमागं घड्याळ. शाळेत मी त्याला अहो-जाहो करते, नोकरी आहे. इथं सांगताना नाही करणार, कुणाला राग आला तर येऊ दे.

त्या वर्षी पाणी नव्हतं. विहिरींचा तळ दिसायला लागला, टँकर यायला लागला, बांधकामं बंद पडली. पाण्याशिवाय सिमेंट कोण कालवणार? दादा रोज सकाळी थापी पिशवीत घालून चौकात जाऊन उभा राहायचा आणि दुपारी तशीच कोरडी थापी घेऊन परत यायचा. घरं कुलपं लावून कामाच्या शोधात बाहेर पडली, पोरांना घेऊन गेली. शाळेतली पोरं कमी झाली म्हणून एक शिक्षक कमी करायचं ठरलं. वहिनी सगळ्यांत मागून लागलेली, म्हणजे कुऱ्हाड तिच्यावर. तिला दोन बस बदलून जायचं अशा कुठल्यातरी लांबच्या शाळेत टाकणार होते. दादा तिथं जाऊन काय करणार? गवंड्याला काम ओळखीवर मिळतं, परक्या गावात त्याला वीट तरी कोण देईल? म्हणजे ती तिकडं, हा इकडं. यातून सुटायची एकच वाट होती. घड्याळ सत्र संपलं की निवृत्त होणार होता. त्याची खुर्ची वहिनीला मिळाली तर घर एकत्र राहणार होतं.

बाकीच्या शिक्षकांना ते ओझं नको होतं म्हणून वहिनीनं अर्ज केला, पण खुर्ची अशी सरळ मिळत नव्हती. नवीन पद्धत निघाली होती. हेड होणाऱ्यानं सगळं सत्र जुन्या हेडच्या हाताखाली काढायचं. शाळा सुटली की दोघांनी समोरासमोर बसून दिवसाचं बोलायचं. सत्र संपत आलं की एक आठवडा मात्र उलटा. त्या आठवड्यात नवीन माणूस खुर्चीत आणि जुना हेड साधा मास्तर. देतील त्या वर्गावर जायचं, आणि शाळा कशी चालवावी याबद्दल दिवसभर ब्र काढायचा नाही, जे काय ते संध्याकाळी. आम्ही त्याला गप्प आठवडा म्हणायला लागलो. आठवडा संपला की सभा. सभेत जुन्या हेडनं सगळ्यांसमोर एकच शब्द सांगायचा, योग्य किंवा अयोग्य. योग्य म्हटलं तर त्या दिवसापासून खुर्ची नव्या माणसाची, जुना हेड सत्र संपेपर्यंत साधा मास्तरच.

आता गेटचं सांगते. तीन वर्षं झाली. उन्हाळा असाच होता. वहिनीला चौथा महिना होता. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस गेले होते, त्यामुळे घरात आम्ही हळू बोलायचो, जसं काही मोठ्यानं बोललं तर दृष्ट लागेल. त्या सकाळी ती दवाखान्यात जाऊन आली आणि तिची बस वाटेत बंद पडली. घड्याळाचा नियम असा की घंटा झाली की गेट बंद. पोर असो, मास्तर असो, उशीर केला की मधल्या सुट्टीपर्यंत बाहेर. शाळेसमोर झाड नाही, टपरी नाही, नुसता रस्ता. मी मागच्या विहिरीवरून पाणी घेऊन आले तर ही बाहेर उभी, गजांना धरून, आणि सगळे वर्ग खिडक्यांतून बघतायत. मी पेला भरून पळत गेले. घड्याळानं वाटेत माझ्या हातातून पेला घेतला, कुंडीत ओतला आणि रिकामा पेला परत दिला. म्हणाला, गेटबाहेरच्याला शाळेचं पाणी नाही. आवाज चढवला नाही त्यानं. तो कधीच चढवत नाही.

संध्याकाळी वहिनीला रक्त गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हानंच झालं असं सांगता येत नाही, असंही होऊ शकतं. होऊ शकतं, पण झालं त्याच दिवशी ना? त्यानंतर तिला दिवस राहिले नाहीत. सुट्टी संपवून ती परत गेली तर घड्याळानं तिला पत्र्याच्या खोलीतला वर्ग दिला. का, तर तीच खोली रिकामी होती. पत्र्याची खोली म्हणजे दुपारी बारानंतर भट्टी. तीन वर्षं तिनं त्या भट्टीत काढली आणि घरी एक शब्द बोलली नाही. दादा म्हणायचा, ती विसरली, तू पण विसर तायडे. पुरुषांना असं बरं वाटतं.

सत्र सुरू झालं तसं शिकवणं सुरू झालं. मला वाटलं होतं हा माणूस तिला रखडवेल, चुका करायला लावेल, शेवटी अयोग्य म्हणून मोकळा होईल. तसं काही झालं नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. त्यानं तिला मन लावून शिकवलं. व्हरांड्याच्या टोकाला उभं करून डोळे मिटायला लावले आणि विचारलं, कुठल्या वर्गात मास्तर नाही, आवाजावरून सांगा. टँकरचं पाणी वर्गांना कसं वाटायचं, आधी लहानांना, मग बाकीच्यांना, शिक्षकांना शेवटी, हे स्वतः माझ्याबरोबर बादली उचलून दाखवलं. भांडायला आलेल्या बापाला आधी खुर्ची द्यायची, बसलेल्या माणसाचा आवाज निम्मा होतो, हे सांगितलं. खोटं बोलणाऱ्या मास्तरला एकट्यात विचारायचं, आणि विचारून झालं की गप्प बसायचं. गप्प बसलं की तोच बोलतो.

वहिनी घरी येऊन हे सगळं सांगायची. भांडी घासता घासता सांगायची आणि तिच्या चेहऱ्यावर तजेला असायचा. मला ते बघवेना. एकदा मी म्हटलं, "त्याचं कौतुकच राहिलंय आता." तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "वन्सं, त्याला येतं ते मी सगळं घेणार आहे. एक थेंब सोडणार नाही." तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तेव्हा मला कळलं की ही काही विसरली नाही. माझ्या जिवात जीव आला.

मग एक दिवस तिनं त्याला विचारलं. शाळा सुटली होती, मी बाहेरचा व्हरांडा झाडत होते आणि दार उघडं होतं. ती म्हणाली, सर, तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तुम्ही मला गेटबाहेर उभं केलं होतं, आठवतं? घड्याळ खरोखरच आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून बसला. मग म्हणाला, "नाही आठवत. बऱ्याच जणांना उभं केलंय मी." आणि लगेच पुढचा विषय, पालकसभा कशी घ्यायची. खोटं बोलत नव्हता तो. त्याच्या लेखी तो एक दिवस होता, आमच्या घरातलं एक माणूस गेलं होतं. मी केरसुणी इतकी दाबली की तिच्या चार काड्या मोडल्या.

गप्प आठवडा लागला तेव्हा उन्हानं कहर केला होता. पहिल्या दिवशी वहिनी खुर्चीत बसली आणि तिनं वर्ग वाटले. घड्याळाला पत्र्याची खोली. बाकीचे शिक्षक एकमेकांकडं बघायला लागले. घड्याळानं खडू उचलला आणि निघून गेला. पाणी वाटायचं ते त्यानंच शिकवल्याप्रमाणं, लहानांना आधी, शिक्षकांना शेवटी, आणि शिक्षकांतही पत्र्याची खोली सगळ्यांत टोकाला. मी काही वाकडं केलं नाही. फक्त पावलं घाईनं टाकली नाहीत. दुपारी मी पोचायचे तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा आणि ओठ पांढरे पडलेले असायचे. तो पोरांना आधी पाणी द्यायला सांगायचा. मला खरं सांगायचं तर मजा येत होती. रात्री झोप छान लागायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी घड्याळाला उशीर झाला. उभ्या जन्मात पहिल्यांदा. त्याच्या गल्लीत सकाळी टँकर आला होता. बायको अंथरुणाला खिळलेली, पोरं परगावी, मग रांगेत हा स्वतःच बादल्या घेऊन उभा. हे मला नंतर कळलं. मी घंटा दिली आणि वहिनीकडं बघितलं. ती स्वतः गेटकडं चालत गेली, गेट ओढलं आणि कडी घातली. रस्त्याच्या वळणावर घड्याळ दिसत होता, पळत येत होता. इतक्या म्हाताऱ्या माणसाला पळताना मी कधी बघितलं नव्हतं. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

तो गेटापाशी आला, कडी बघितली, वहिनीकडं बघितलं आणि उभा राहिला. काही बोलला नाही. बोलायचं नाही असा नियमच होता आणि नियम त्यानं आयुष्यात मोडला नव्हता. वहिनी व्हरांड्याच्या सावलीत जाऊन उभी राहिली, हात बांधून. वर्ग सुरू झाले. खिडक्यांत पोरं जमली, मास्तर लोक त्यांना हटकायचे आणि स्वतःच डोकावायचे. ऊन वर चढलं. घड्याळानं रुमाल डोक्यावर टाकला. मग गजाला धरलं, तर गज तापलेला, हात झटकन काढून घेतला. वहिनी हलली नाही. तिनं त्याच्यावरची नजर काढली नाही. मला तिच्या शेजारी उभं राहून नाचावंसं वाटत होतं. असाच, असाच भाज त्याला, मी मनात म्हणत होते.

तेवढ्यात चौकातून दादा परत चालला होता, थापीची पिशवी घेऊन. त्यानं बघितलं. थांबला, गेटाकडं आला, घड्याळाला काहीतरी विचारलं. घड्याळानं नुसती मान हलवली. दादानं आत वहिनीकडं बघितलं आणि खाली मान घालून निघून गेला.

मधल्या सुट्टीची घंटा मी दिली तेव्हा वहिनीनं कडी काढली. घड्याळ आत आला. ती त्याला म्हणाली, "आता आठवलं का, सर?" त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून खिशात घातला. मग पत्र्याच्या खोलीत गेला आणि उरलेले तास घेतले.

संध्याकाळी दोघं नेहमीसारखी समोरासमोर बसली. मला वाटलं आता तो फुटेल, ओरडेल, निदान उशीर का झाला ते सांगेल. मी दाराशी बसून खडूचे डबे पुसत राहिले. घड्याळ शांतपणे म्हणाला की गेट बंद केलंत ते बरोबर केलंत, हेड असला तरी नियम तोच. मग म्हणाला, "एक चूक झाली. तुम्ही बघत उभ्या राहिलात. गेट बंद केलं की आत जायचं, कामाला लागायचं. बघत राहिलं की पोरांना वाटतं शिक्षा नाही, राग आहे. मी कधी बघत राहिलो नाही."

वहिनीचा चेहरा असा झाला की मी डबा खाली ठेवला. तिनं त्याला उन्हात भाजलं आणि त्यानं त्याचा धडा करून तिच्याच हातात ठेवला. सूड घ्यावा तर समोरच्याला तो लागायला तरी नको? दगडाला काय चटका बसणार.

घरी दादा ताटावर बसला होता पण जेवत नव्हता. म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला असं उभं करणं शोभतं का आपल्याला. वहिनी म्हणाली, मला कुणी विचारलं होतं का असं, तेव्हा. दादा सभेचं बोलायला लागला. सभेत पद्धत अशी होती की आधी शिकणाऱ्यानं उभं राहून काय शिकलो ते सांगायचं, आणि मग जुन्या हेडनं आपला शब्द सांगायचा. म्हणजे सुरी अजून घड्याळाच्याच हातात होती. दादा म्हणाला, दोन शब्द गोड बोल, आभार मान, शब्द पदरात पाडून घे आणि मग त्याचं तोंड बघू नकोस. तिच्याशिवाय या घरात राहायची कल्पना त्याला सहन होत नव्हती, ते मला दिसत होतं. आणि मी, जिच्या पोटात तीन वर्षं निखारा होता, मीसुद्धा म्हटलं, "वहिनी, सभेचा दिवस गिळ. खुर्ची मिळू दे, मग आयुष्यभर शिव्या घालू." वहिनीनं दादाच्या ताटात वाढलं आणि जेव म्हणाली.

सभेला मोठ्या वर्गातले बाक भिंतीला लावले होते. वरचे साहेब आले होते, शिक्षक होते, गावात उरलेली आईबापं होती. दादा मागं दारापाशी उभा होता, स्वच्छ सदरा घालून. घड्याळ साहेबांच्या शेजारी ताठ बसला होता. उन्हानं त्याच्या नाकाची सालं निघाली होती.

वहिनी उठली. सुरुवात तिनं चांगली केली. आवाजावरून वर्ग ओळखायला सरांनी शिकवलं, पाणी वाटायला शिकवलं, माणसाला बसवून मग बोलायला शिकवलं, हे सगळं तिनं सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. साहेब मान डोलावत होते. दादानं श्वास सोडलेला मला दिसला. मीही सोडला.

मग ती म्हणाली, "आणि सरांनी मला गेट शिकवलं. ते मी हे सत्र सुरू व्हायच्या आधीच शिकले होते." आणि तिनं सगळं सांगितलं. चौथा महिना, बस, ऊन, कुंडीत ओतलेलं पाणी. तिचा आवाज कुठं अडकला नाही. म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हानंच गेलं असं सांगता येत नाही. मीही म्हणत नाही. मी एवढंच सांगते की मी बाहेर होते आणि सर आत होते. मी सरांना विचारलं तर त्यांना आठवत नाही. म्हणून या आठवड्यात मी त्यांना तिथंच उभं केलं. सर म्हणाले, नियमानं केलंत. नियमानं नाही केलं साहेब. सूड म्हणून केलं. आणि मला त्याचं वाईट वाटत नाही."

एक बाई तोंडावर हात धरून बसली होती. दादानं डोळे मिटून घेतले. मला कळलं, गेली खुर्ची, गेलं घर. आणि तरी छाती अशी भरून आली होती की मला उभं राहावंसं वाटत होतं.

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. घड्याळ उठला. टेबलाला धरून उठला. तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं. तुम्हाला दिवस गेलेत हे मला माहीत नव्हतं. तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं तर मी गेट उघडलं असतं."

वहिनी म्हणाली, "सांगितलं होतं सर. गजांतून हात घालून तुमची बाही धरून सांगितलं होतं. तुम्ही बाही सोडवून घेतलीत आणि आत गेलात."

हे मलाही माहीत नव्हतं. तिनं दादालाही सांगितलं नव्हतं. तीन वर्षं ते एकटीनं ठेवलं होतं.

घड्याळानं आपल्या बाहीकडं बघितलं. ती बाही तो दुसऱ्या हातानं चाचपायला लागला, पुनःपुन्हा, मनगटापासून कोपरापर्यंत. मला त्या क्षणी दिसलं की त्याला आठवलं. सगळं आठवलं असेल की नाही, कुणास ठाऊक, पण हात आठवला. तो एकदम म्हातारा झाला. साहेब हळूच म्हणाले, सर, तुमचा शब्द राहिला. घड्याळानं बाही सोडली. मग तो म्हणाला, "योग्य." इतक्या बारीक आवाजात म्हणाला की साहेबांना परत विचारावं लागलं. तो परत म्हणाला आणि खाली बसला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक उठून गेले. वहिनी आपल्या वस्तू गोळा करून निघाली तेव्हा घड्याळ वाटेत उभा होता. म्हणाला, बाई, मला माफ कराल का. वहिनी म्हणाली, "नाही." जराही आवाज न चढवता, अगदी त्याच्यासारखा. पुढं म्हणाली, "सत्र संपायला वेळ आहे. उद्या पत्र्याच्या खोलीवर तास आहे तुमचा." तो हो म्हणाला.

आम्ही तिघं घराकडं निघालो. दादा सायकल हातात धरून चालत होता. चौकापर्यंत वहिनी नीट चालली. चौकात ती थांबली, खाली रस्त्यावरच बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, पोटातून. तीन वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं, बाळ गेलं तेव्हाही नाही. दादानं सायकल आडवी टाकली आणि तिच्याजवळ जाऊन बसला. तिनं त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली, त्यानं सोडवली नाही. दुकानांतून माणसं बाहेर आली, पिशव्या घेतलेल्या बाया थबकल्या, एकानं तर विचारलंही, काय झालं हो हिला.

मी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "बघता काय? शाळेच्या हेडबाई आहेत. रडू द्या त्यांना."